एका श्वासात मावणारं गाणं

जोएल आणि अनुग्रहा,

परवा फोनवर जोएलने विचारलं, "आजी, ही गिटारवाली गाणी तू चर्चमध्ये गाऊ देत नव्हतीस ना? मग आता स्वतःच कशी गातेस?" मी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात तुमच्या बाबांनी फोन घेतला आणि माझ्या तब्येतीची चौकशी सुरू केली. तब्येतीचा विषय वेगळा आणि गाण्यांचा वेगळा असं त्यांना वाटतं. माझ्या बाबतीत ते दोन्ही एकच आहेत, आणि फोनवर एवढं सांगून होत नाही. म्हणून लिहायला बसले. छातीच्या दुखण्याने खाटेवर पडलेल्या आणखी कोणाला हे कागद वाचून दाखवलेत, तरी माझी हरकत नाही.

पूर्णविराम

जुन्नरच्या मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर संध्याकाळी चार मुली घरी शिकायला यायच्या. नवं शतक लागून एक-दोन वर्षं झाली होती. त्या पावसाळ्यात मला खोकला होता. अडुळसा, ज्येष्ठमध, गरम पाणी हे सगळं चालू होतं आणि हा साधा खोकला आहे असं मी ठरवून टाकलं होतं.

एका शनिवारी मी मुलींना इंग्रजी उतारा सांगत होते. नंतर वह्या तपासायला घेतल्या. चौघींच्याही वह्यांत एका लांब वाक्याच्या मध्ये दोन पूर्णविराम होते, आणि चौघींचे अगदी त्याच जागी. मी विचारलं, "हे कोणी सांगितलं?"

"तुमीच थांबल्या बाई तिथं," एक म्हणाली. "तुमीच सांगितलंय, बाई थांबल्या की टिंब."

मी लाल पेन्सिल खाली ठेवली. एका वाक्यासाठी मला तीन श्वास लागत होते, आणि हे मुलींना माझ्या आधी कळलं होतं.

तुमच्या आबांनी मला त्याच संध्याकाळी मंचरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली. उजवी बाजू काळी होती, म्हणजे चांगली. डावी बाजू खालून अर्ध्यापर्यंत पांढरी होती, कोणी चुना फासल्यासारखी.

"पू झालाय, बाई. फुप्फुसाच्या भोवती. फुप्फुस आत दबून बसलंय. आजच दाखल व्हा."

"आज नाही जमणार. उद्या रविवार आहे. मला पेटी वाजवायची असते."

"आज," डॉक्टर म्हणाले आणि फिल्म काढून पाकिटात घातली.

बाटली

डाव्या बरगड्यांच्या मधून नळी घालून तिचं दुसरं टोक खाटेखालच्या पाण्याच्या बाटलीत सोडलं होतं. मी श्वास सोडला की खाली बुडबुडे यायचे. न्हाणीघरात जाताना ती बाटली हातात धरून जायची, दुधाचं भांडं नेतात तशी. पहिल्या दिवशी लाज वाटली. तिसऱ्या दिवशी मी तिच्यावर माझं नाव लिहून घेतलं.

डॉक्टर सरळ बोलणारे होते. पू निघून जाईल, म्हणाले, पण दबलेलं फुप्फुस पुन्हा उघडलं पाहिजे. दीड-दोन महिन्यांत उघडलं नाही तर ते चिकटून जाईल, आणि मग पुण्याला नेऊन छाती उघडावी लागेल. "आणि तुमच्या वयात..." एवढं बोलून ते थांबले.

"वाक्य पूर्ण करा, डॉक्टर."

"तुमच्या वयात ते ऑपरेशन झेपेलच, असं मी सांगू शकत नाही."

मी त्यांचे आभार मानले. अर्धवट वाक्यांची मला फार चीड आहे.

फुप्फुस उघडायचं साधन म्हणजे एक प्लॅस्टिकचा डबा होता. त्याला तीन कप्पे, प्रत्येकात एक रंगीत गोळी. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की गोळ्या वर चढायला हव्यात. तासातून दहा वेळा. मी कागदावर रेघा मारून वेळापत्रक केलं, आबांनी ते भिंतीला चिकटवलं. वेळापत्रक उत्तम होतं. गोळी मात्र एकच हलायची, तीही जागच्या जागी थरथरायची.

भीती कधी वाटायची ते सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. दुपारी दोन ते चार. जेवणं झालेली, भेटायला येणारे गेलेले, पंखा फिरतोय, आणि आपण आपलेच बुडबुडे मोजतोय. त्या वेळात मी मरणाचा पुष्कळ विचार केला. त्यात काही उदात्त नव्हतं. पेटीच्या किल्ल्या कुठे आहेत ते कोणाला सांगितलेलं नाही, असले विचार होते.

आबांनी तर त्याचाही निकाल लावून टाकला. एका दुपारी माझी वेणी घालता घालता (फार वाईट घालतात) ते म्हणाले, "मी भास्कररावांना सांगून टाकलं. पेटी आता त्यांची सून वाजवेल. तुला आराम."

भास्करराव म्हणजे आपल्या चर्चच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी. मला न विचारता माझी तीस वर्षांची जागा ह्या दोघांनी चहा पिता पिता देऊन टाकली होती. मी दोन दिवस आबांशी बोलले नाही. एरवीही धड बोलता येत नव्हतं, त्यामुळे त्यांना ते कळायला एक दिवस गेला.

सहा कडवी

आता माझा नियम सांगते. आजाराच्या चार-पाच वर्षं आधी आपल्या चर्चमधल्या तरुण संघाने कमिटीला विचारलं होतं की रविवारी एखादं नवं गाणं गिटारवर घ्यायचं का. संगीताची जबाबदारी माझ्याकडे होती. मी त्यांची गाणी ऐकली. एकच ओळ आठ-आठ वेळा, दहा-दहा वेळा. निबंधात कोणी असं केलं असतं तर मी खाली लाल रेघ ओढली असती. मी कमिटीच्या वहीत माझ्या हाताने ठराव लिहिला: रविवारच्या उपासनेत गीतांच्या पुस्तकाबाहेरचं गीत घेऊ नये, आणि घेतलेल्या गीताचं एकही कडवं गाळू नये. प्रकाश नावाचा एक मुलगा, उत्तम कान असलेला, त्यानंतर आमच्या चर्चमध्ये यायचा बंद झाला.

तर, आपल्यात पद्धत आहे की कोणी आजारी पडलं की महिला मंडळाने जाऊन खाटेभोवती उभं राहून गीत म्हणायचं आणि प्रार्थना करायची. दाखल झाल्याच्या दहाव्या दिवशी जुन्नरहून सात जणी एसटीने मंचरला आल्या. संत्री आणली होती. "बाईंचं आवडतं गीत घेऊ," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सुरुवात केली.

गीत माझ्या आवडीचंच होतं. पण पुस्तकाच्या कोणत्या भागातलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. ते अंत्यविधीच्या भागातलं होतं.

सहा कडव्यांचं गीत. चाल संथ. ओळी लांब. पहिल्या कडव्यात आत्मा निघतो आणि सहाव्यात पोचतो. मीच त्यांना शिकवलेलं होतं, आणि एकही कडवं गाळायचं नाही हेही मीच शिकवलं होतं. मी दुसऱ्या ओळीला आवाज मिसळायला गेले. शब्दाच्या मध्येच श्वास संपला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तिसऱ्या कडव्याला मला खोकला आला. कोणी थांबलं नाही. थांबतील कशा? मी त्यांना घडवलेलंच तसं होतं. सातही जणी माझ्याकडे बघत, डोळे पुसत, मला नीट स्वर्गात पोचवत होत्या.

गीत संपल्यावर मी हात वर केला आणि म्हटलं, "मी अजून इथेच आहे."

"हो हो, बाई," त्या म्हणाल्या, आणि आणखी रडल्या.

त्या गेल्यावर शेजारच्या खाटेवरच्या हिराबाई उठून बसल्या. निरगुडसरच्या, दम्यासाठी दाखल झालेल्या, माझ्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "आवं बाई, गानं चांगलं व्हतं. पन लई लांब. मानूस मधीच जायचं."

मला इतकं हसू आलं की टाके दुखले. आणि हसता हसता राग आला, खरा राग, आजारावर, माझ्या नियमावर, त्या संत्र्यांवर. मला कोणी एवढ्यात पोचवायचं नाही असं मी त्या दुपारी ठरवलं.

पाढा

त्या वॉर्डात मंगल सिस्टर होत्या. मूळ तळेघरकडच्या. पस्तिशीच्या, खणखणीत. ड्रेसिंग करताना त्या काहीतरी गुणगुणायच्या, आणि ते आपल्यातलं आहे हे मी ओळखलं होतं. त्या कळंबच्या नव्या मंडळीत, म्हणजे नव्या चर्चमध्ये जायच्या, जिथे गिटार, कीबोर्ड, सगळं चालायचं. गुणगुणतात ते गाणं कोणतं, हे मी मुद्दाम विचारलं नव्हतं.

त्या दिवशी माझी गोळी वर जाईना म्हणून त्या जवळ बसल्या. "बाई, आत घ्यायला आदी भाईर सोडावा लागतो. गाऊन सोडा."

"माझी गीतं आता माझ्या श्वासात बसत नाहीत."

"मंग बारकं गाना की." आणि त्यांनी म्हणून दाखवलं. *धरून ठेव, देवा, धरून ठेव.* एवढंच. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"पुढे काय?" मी विचारलं.

"पुढं काय न्हाई. घोडेगावच्या स्टँडवर बसची वाट बघताना मीच जुळवलं. एक ओळ झाली आनि बस आली."

"सिस्टर, ह्याला गाणं म्हणत नाहीत. हा पाढा झाला."

"मंग पाढा म्हना. पन म्हना."

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून हिराबाईंनी ती ओळ उचलली. दोनदा ऐकून त्यांना ती पाठ झाली होती. मी त्यांना म्हटलं, "तेच तेच काय म्हणायचं, हिराबाई?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात एखाद्या ढ मुलीकडे पाहायची. "आवं, आमी देवाचं नाव घेतो तवा काय दर येळंला नवं नाव घेतो? तेच घेतो. बाळ आईला हाक मारतंय ते काय येगयेगळी मारतंय?"

आपल्या शास्त्रातही, बायबलमध्ये, असं एक स्तोत्र आहे, ज्याच्या प्रत्येक ओळीचा शेवट एकच आहे. मी ते लहानपणापासून वाचत आले होते आणि कधी लाल रेघ ओढली नव्हती. हे मला निरगुडसरच्या एका शेतकरीण बाईने दाखवून द्यावं लागलं.

मी म्हणून पाहिलं. ओळ एका श्वासात मावली. काठोकाठ, पण मावली. मग मी थांबले, हिराबाईंनी एक फेरी म्हटली, मंगल सिस्टरनी एक, आणि मला श्वास परत मिळाल्यावर मी पुन्हा आत शिरले. माझ्या गीतांत हे करता येत नाही. तिथे थांबलात की तुमच्यावाचून दोन ओळी पुढे निघून गेलेल्या असतात. इथे ओळ पुन्हा दाराशी येऊन उभी राहते.

मी वेळापत्रक बदललं. दर तासाला दहा वेळा गोळ्या आणि वीस वेळा ओळ. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "गाणं गा, शंख फुंका, काहीही करा, पण छाती हलवा." दुपारी दोन ते चार ही वेळ मी ह्या ओळीने भरून काढली. पाचव्या दिवशी पहिली गोळी वर गेली आणि तिथेच थांबली. वॉर्डातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

कळंब

नळी काढून घरी आल्यावर तीन आठवड्यांनी मी आबांना म्हटलं, मला कळंबला न्या. ते म्हणाले, तुझा तर त्या गाण्यांना विरोध आहे. मी म्हटलं, विरोध नीट ऐकून करायला हवा होता.

ट्रॅक्टरच्या गॅरेजमागे पत्र्याची शेड, खाली सतरंज्या. आधी तक्रारी सांगते. कर्णे फार मोठे होते. काही गाण्यांत मराठीत हिंदी, हिंदीत इंग्रजी अशी खिचडी होती. काहींत 'मी, मला, माझं' इतकं होतं की देवाला बोलायला जागा नव्हती. हे मी आजही म्हणते.

पण एक गाणं मी कारागिरासारखं ऐकलं. ओळ तीच, चाल तीच, पण प्रत्येक फेरीला कीबोर्डवरचे खालचे स्वर बदलत होते. पहिल्यांदा ती ओळ विनवणी वाटली, तिसऱ्यांदा तक्रार, पाचव्यांदा भरवसा. शब्द एकही बदलला नव्हता. स्वरांचा चढउतार जेमतेम पाच सुरांचा होता, म्हणून घोगऱ्या आवाजाचे गडी आणि दात पडलेल्या म्हाताऱ्या सगळ्यांनाच ती ओळ गाता येत होती. आमच्याकडे वरच्या सुराला अर्धं चर्च गप्प व्हायचं, आणि मी त्याला शिस्त समजत होते. मग सगळी वाद्यं थांबली. गिटार थांबली, ढोलकी थांबली, पुढे उभा असलेला गाणारा माइकपासून मागे सरला. नुसती माणसं गात राहिली. पत्र्याखाली तो आवाज असा भरला की माझ्या डाव्या बरगड्यांना आतून जाणवला.

गाणारा प्रकाश होता. आता मार्केट यार्डात नोकरीला, लग्न झालेला. "सलाम, बाई," म्हणत तो माझ्यासाठी खुर्ची घेऊन आला.

मी म्हटलं, "प्रकाश, तो ठराव लिहिताना माझं चुकलं."

"बाई, हे वाक्य तुमच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकतोय," तो म्हणाला. "परत एकदा म्हणा."

म्हटलं. परत म्हणण्याची मला सवय झालीच होती.

फिल्म

दोन महिने पूर्ण झाले त्या दिवशी डॉक्टरांनी नवी फिल्म पेटीवर लावली. पांढरा भाग खाली उतरला होता. वरचं आणि मधलं फुप्फुस उघडलं होतं. तळाचा एक तुकडा चिकटलेलाच होता.

"ऑपरेशन नको," ते म्हणाले. आबा खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढला. डॉक्टर पुढे म्हणाले, "पण खालचं आता उघडेल असं वाटत नाही. एवढ्यावर भागवावं लागेल."

म्हणजे मोठी गीतं गेली. ज्या लांब ओळी मी एका दमात ओढायची आणि मंडळीला माझ्यामागे घेऊन जायची, त्या गेल्या. त्यासाठी मी मंचरच्या स्टँडवर बसून थोडी रडले. आबांनी चहा आणला. तो पिऊन झाल्यावर रडू थांबलं. एवढ्यावर भागवायचं तर भागवू, पण कसं ते मी ठरवणार.

नंबर नाही

आजारातून उठलेल्या माणसाने रविवारी उपकारस्तुती करायची ही आपली जुनी रीत आहे. चिठ्ठीवर नाव आणि आवडत्या गीताचा नंबर लिहून द्यायचा. भास्करराव दारातच चिठ्ठ्या गोळा करतात. त्यांनी माझी वाचली.

"नंबर राहिला, बाई."

"राहिला नाही. त्या गाण्याला नंबर नाही."

त्यांना समजलं. "मग ते होणार नाही. नियम आहे. आणि तुमच्याच अक्षरात आहे."

"अक्षर चांगलं आहे, भास्करराव. नियम वाईट आहे."

"कमिटीपुढे ठेवू."

"ठेवा. पण उपकार मला आज मानायचेत."

पाळकसाहेबांनी नाव पुकारलं तेव्हा मी उठून उभी राहिले. दोन वाक्यांत साक्ष दिली, तेवढीच झेपत होती. मग ती ओळ सुरू केली. पुस्तकांची पानं फडफडली, लोक नंबर शोधत होते. पहिली फेरी मी एकटीने म्हटली. दुसऱ्या फेरीला शेजारून एक बेसूर, जाड आवाज आला. आबा. तीस वर्षं मी त्यांना चर्चमध्ये गाऊ दिलं नव्हतं, सूर बिघडतो म्हणून. तिसऱ्या फेरीला भास्कररावांच्या सुनेने पेटीवर सूर धरला आणि मागच्या बाया मिसळल्या. चौथ्याला माझा श्वास संपला. मी बाकाची पाठ धरून नुसती उभी राहिले. गाणं चालू होतं. पाचव्याला मी परत आत गेले.

भास्करराव हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी तोंड उघडलं नाही, त्या ओळीला आजही उघडत नाहीत. बाहेर चपला घालताना मला म्हणाले, "पुढच्या रविवारी पुस्तकातलंच गीत असेल. सगळी कडवी."

"जरूर घ्या," मी म्हटलं. "पण दुसऱ्या कडव्यानंतर मी खाली बसणार."

"गीताला बसत नाहीत, बाई."

"मी बसणार."

पुढच्या रविवारी गीत पाच कडव्यांचं होतं. दुसरं कडवं संपलं आणि मी बसले. भास्कररावांनी वळून पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. तेवढ्यात माझ्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला ऐंशी वर्षांच्या शेवंताबाई गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या.

"गुडघे दुखतात का?" मी हळूच विचारलं.

"दहा वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "पन तुमी उभ्या ऱ्हायच्या ना, बाई. मंग कसं बसायचं?"

मंडळी तिसरं कडवं गात होती. मी त्यांच्याजवळ सरकले आणि त्यांना म्हटलं, "बसा आता. दोघी मिळून बसू."